समुद्र किती टक्के?

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण सोडलं की डाळज, काळेवाडी, पळसदेव, लोणी देवकर अशी गावं लागतात. यातल्या कुठल्याही गावात चहाच्या टपरीवर थांबून ‘मुंबईची माहिती कुणाला आहे हो?’ असं विचारा. चार हात एकाच घराकडे होतील. त्या घरातल्या माणसाला कुठं तात्या म्हणतात, कुठं अण्णा, कुठं नाना, वाण एकच. वय साठीच्या आगेमागे, कडक इस्त्रीची टोपी, पांढरा सदरा आणि बगलेत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली फाइल. तिच्यात धरणग्रस्ताचा दाखला असतो, सातबारावरची एक जुनी चूक असते, पुनर्वसनाच्या जमिनीचा घडी पडून फाटलेला नकाशा असतो. ती फाइल निकाली निघावी असं तात्यांना मनापासून वाटतं का, याबद्दल गावात दोन मतं आहेत. निघाली, तर दरसाल मुंबईला जायचं कशाला?

तात्या जातात ते पावसाळ्यातच. पावसाळी अधिवेशन मुंबईला असतं, हिवाळी नागपूरला. नागपूर लांब, आणि तिथं समुद्र नाही. अधिवेशन असलं की आमदारसाहेब हमखास सापडतात, आमदार निवासात निदान सतरंजीपुरती जागा मिळते. शिवाय जुलैत आमच्याकडे रानात काम ते काय? ऊस उभा, आभाळ कोरडं. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा इंदापूर तालुका. इथला शेतकरी छत्री घेतो ती उन्हासाठी.

तात्या एकटे कधी निघत नाहीत. पुतण्या, त्याचा मेहुणा आणि ‘ह्यानं अजून समुद्र बघितला न्हाय’ असा एक कुणीतरी, एवढं लटांबर बरोबर असतं. खर्च ज्याचा त्यानं करायचा, हुकूम तात्यांचा. दौंडला रात्रीची सिद्धेश्वर धरायची आणि उजाडता उजाडता मुंबईत उतरायचं. मंत्रालयात कामासाठी येणाऱ्यांना आत सोडतात दुपारी. म्हणजे सकाळ मोकळी, आणि मोकळ्या सकाळी मुंबई बघायची.

मुंबईचा पाऊस वरून पडतो हा तात्यांचा समज नरीमन पॉइंटच्या कोपऱ्यावर पहिल्या मिनिटात फिटतो. तिथं तो आडवा येतो. मुंबईकर त्या वळणावर मुकाट्यानं छत्री मिटतो आणि भिजतो. तात्या ती उघडतात. एक झोत येतो, छत्री उलटी होते, टोपी गाड्यांमधून पळत सुटते आणि मेहुणा टोपीमागे. एवढ्या धांदलीत तात्या एकच गोष्ट सांभाळतात, ती सदऱ्याच्या आत पोटाशी धरलेली फाइल. ओल्या कपाळावरचं पाणी पुसत म्हणतात, ‘वारा हाय, पर उजनीवानी न्हाय.’

तात्यांची ही खरी खूण. जगातली कुठलीही वस्तू ते उजनीच्या मापानं मोजतात. मोजणारच, गाव त्या पाण्यात गेलंय. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं, जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं आणि पळसनाथाचं दगडी देऊळही बुडालं. उन्हाळ्यात पाणी फारच उतरलं तर ते उघडं पडतं, मग लांबलांबची माणसं बघायला येतात. तेव्हापासून या काठावर रामराम घालून झाला की दुसरं वाक्य असतं, ‘किती टक्के?’ जावई आला तरी आधी टक्के, मग ख्यालीखुशाली. धरणात सगळं मिळून 117 टीएमसी पाणी मावतं. पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात धरतात, म्हणून हे धरण उन्हाळ्यात शून्याखाली जातं आणि पोरं अंकगणिताआधी ‘मायनस’ शिकतात.

गेटवेवर उभं राहून तात्यांनी समुद्राकडे बघितलं आणि शेजारच्या फोटोवाल्याला विचारलं, ‘आज किती टक्के?’ तो म्हणाला, ‘तीस रुपयाला एक.’ दोघांचंही समाधान झालं.

गेटवेची कथा तात्यांना फार आवडते. पंचम जॉर्ज 1911 साली इथं उतरला तेव्हा कमान झालीच नव्हती. त्याला पुठ्ठ्याचा नमुना दाखवला. खरी कमान उभी राहून खुली झाली 1924 मध्ये. तात्या ही गोष्ट बरोबरच्यांना थांबवून सांगतात आणि वर स्वतःची टीप जोडतात, ‘आपल्या पुढाऱ्यांनी हे इंग्रजाकडनंच उचललं. पाव्हणा आधी, काम मागनं.’

मांडव्याच्या लाँचची चौकशी केली तर पावसाळ्यात बंद. मेहुण्याचं तोंड उतरलं. आणखी कुणी असता तर हुज्जत घातली असती, पण तात्या इथं एक अक्षर बोलत नाहीत. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा माणसं गेली. कळाशी पळसदेवच्या शेजारची. वारं सुटल्यावर पाण्यात उतरू नये, हे तात्यांना कुणी पाटी लावून सांगायला लागत नाही. ते नुसते वळतात आणि म्हणतात, ‘चला, च्या घिऊ.’

मरीन ड्राइव्हला मात्र रंगतात. भरतीची वेळ, लाटा कठड्यावरून रस्त्यावर येताहेत, पोरंपोरी किंचाळताहेत. तात्या घड्याळ बघतात. दुपारी परत येऊन पुन्हा बघतात, तर पाणी उतरलेलं, काळे दगड उघडे. ‘आरं, सहा तासात मायनस?’ आमचं धरण भरायला पावसाळा लागतो, रिकामं व्हायला उन्हाळा. इथं दिवसातून दोनदा फुल्ल आणि दोनदा खाली, ना कालवा समितीची बैठक, ना आवर्तनाचं भांडण, ना सोलापूरकरांचा मोर्चा. तात्यांच्या मते हे पाणी कुणालाच नको असल्यामुळे इतक्या शिस्तीत चालतं.

राणीच्या बागेत पेंग्विन बघितले. कोरियाहून 2016 मध्ये आणलेले, थंडगार खोलीत ठेवलेले. काचेला नाक लावून तात्या बराच वेळ उभे. मग म्हणाले, ‘ह्या बदकाला एसी, आन् आमच्या डीपीत ऑइल न्हाय.’ जेवणात मासे हवेत असा हट्ट. खानावळीत सुरमईचा भाव ऐकला आणि चिलापी आहे का विचारलं. वेटरनं चिलापी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला होता. तात्यांनी त्याच्याकडे खऱ्या कणवेनं बघितलं.

मंत्रालयात काय झालं? फाइल ‘पुढं गेली’. यापेक्षा जास्त तात्या सांगत नाहीत, आपणही विचारू नये.

पण त्यांचं मुंबईतलं खरं दुःख फाइलीचं नाही, पावसाचं आहे. रात्रभर सतरंजीवर पडून ते पन्हळीचा आवाज ऐकतात आणि तळमळतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला होता, म्हणजे इंदापूरचा जवळजवळ दोन वर्षांचा पाऊस. आणि गेला कुठं? समुद्रात! पहाटे पाचला तात्या गावी फोन लावतात. बायकोला तब्येत विचारत नाहीत, ‘दौंडचा विसर्ग किती?’ विचारतात. कारण उजनी आमच्या पावसावर भरतच नाही. पुण्याच्या वरच्या धरणांतून पाणी सुटलं, दौंडला नदी फुगली, की मग आमचं धरण वर चढायला लागतं. पलीकडून काकू म्हणतात, ‘इसर्ग ऱ्हाऊ द्या, मोटार जळलीय.’

परतीला दिवसाची गाडी. खंडाळ्याच्या घाटात तात्या खिडकी सोडत नाहीत. बाहेर धबधबे, डब्यात सगळ्यांचे मोबाइल वर. तात्या मात्र हिशेब मांडतात: ह्या बाजूला पडलेला थेंब कोकणात, त्या बाजूचा इंद्रायणीतून भीमेत, म्हणजे उजनीत, म्हणजे आपला. मग टाटांची धरणं येतात. मुळशीचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज करतात, हे तात्यांना चांगलं ठाऊक आहे. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 साली सत्याग्रह केला, ते धरण झालंच आणि पाणी कोकणात उतरलंच. ‘आपलं पानी पलीकडं घालून दिवं लावत्यात,’ असं ते समोरच्या प्रवाशाला ऐकवतात. तो दादरला राहणारा असतो. तो मान हलवून मोबाइलमध्ये डोकं घालतो.

गावात आल्यावर टपरीवर निकाल लागतो. मुंबई बघण्यासारखी आहे, पाऊस नासाडीचा आहे, समुद्र मोठा आहे पण शेतीच्या उपयोगाचा नाही. मुंबई बघायची तर दिवाळीनंतर जावं, असा सल्ला तात्या सगळ्यांना देतात. ते स्वतः पुढच्या जुलैतच निघणार आहेत. मेहुण्याच्या जागी एक माणूस हवाय. ज्याला यायचं असेल त्यानं टोपी घालू नये आणि छत्री तर आणूच नये.