मांजरीत पॅडल टायर निवडताना

जमिनीचा व्यवहार होऊन वर्ष झालं आहे. फॉर्च्युनर घेऊन झाली. आता दारात स्पोर्ट एटीव्ही उभी आहे. तिचा सायलेन्सर बदललेला, कार्ब्युरेटरचे जेट मोठे केलेले, सकाळी किक मारली की शेजारच्या सोसायटीतले लोक गॅलरीत येतात. राहिले टायर. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर मागे वाळूची भिंत उडवत चढणाऱ्या गाड्या तुम्ही रात्री मोबाइलवर पाहिल्या आणि ‘आपल्याला असलेच पाहिजेत’ असं ठरवलं. अभिनंदन. पुढचं मार्गदर्शन खास तुमच्यासाठी.

पहिली पायरी म्हणजे वाळू. नवशिके आधी टायर घेतात आणि मग वाळू शोधत हिंडतात. तुम्ही उलट करा. मांजरीत उसावर संशोधन करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, द्राक्षांवर काम करणारं राष्ट्रीय केंद्र आहे, एका वांग्यालाही गावाचं नाव मिळालेलं आहे. वाळूच्या नावाने मात्र ठणठणाट. मुळा-मुठेच्या पात्रात जलपर्णी भरपूर. बांधकामांवर जे ढीग दिसतात ती दगड फोडून केलेली क्रश सँड. तिचे कण कोनदार, एकमेकांत अडकून बसणारे. टेकड्यांवरची वाळू वाऱ्याने घासून गोल झालेली असते, म्हणून ती पायाखालून सरकते. पॅडल टायर त्या सरकणाऱ्या वाळूसाठी आहे.

घरच्या घरी वाळवंट करायचं मनात असेल तर हिशेब सांगतो. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, ब्रास म्हणजे 100 घनफूट. एका गुंठ्यावर फूटभर थर द्यायला जवळजवळ 11 ब्रास वाळू लागेल. गुंठ्यात गाडी धड वळणारही नाही, म्हणून एकरभर करा: 435 ब्रासच्या वर. एवढे हायवा दाराशी लागले की तलाठी भाऊसाहेब स्वतः चौकशीला येतील. शिवाय एकर शिल्लक असता तर ही एटीव्ही आली असती का, हाही प्रश्न आहेच.

उरलं कोकण. तिथे भरतीच्या रेषेखालची ओली वाळू इतकी घट्ट असते की साधे टायरही चालतात, पॅडल लावले तर गाडी थडथडत जाते. भुसभुशीत कोरडी वाळू वर, केतकीच्या बाजूला. तिथेच हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालतात. वेळास-आंजर्ल्याचे लोक ती घरटी कुंपण घालून राखतात. त्या घरट्यांजवळ पॅडल फिरवलेत तर गावकरी काय करतील ते इथे लिहीत नाही. जैसलमेरच्या सम गावाजवळ खऱ्या टेकड्या आहेत. गाडी टेम्पोत घालून न्या, कारण चालवत नेता येणार नाही. असल्या गाडीचं आरटीओ पासिंग होत नाही, ती खासगी जागेतच फिरवायची. पोलारिस कंपनीने 2020 मध्ये आपली एक एटीव्ही रस्त्यावर आणली, पण त्यासाठी तिला कागदोपत्री ट्रॅक्टर व्हावं लागलं.

आता टायर. साध्या टायरची नक्षी वाळूने भरते, चाक जागच्या जागी फिरतं, खड्डा खणतं आणि गाडी पोटावर बसते. पॅडल टायरवर नक्षीच नसते. गुळगुळीत पाठीवर आडवी, खोलगट रबरी पाती असतात. ती वाळू ओंजळभर उचलून मागे फेकतात आणि त्या धक्क्याने गाडी पुढे जाते. मावळात चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात, त्याचाच हा परदेशी शिकलेला भाऊ. केजव्हील डांबरी रस्त्यावर आणलं तर रस्ता फुटतो. पॅडल आणलं तर पाती झिजतात, मुळातून फाटतात. पहिल्याच दिवशी मांजरी रेल्वे गेटपर्यंत चक्कर मारायचा मोह आवरा.

पाती किती घ्यायची? इथे दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघून आकडा सांगतो. खरा नियम असा की पाती वाढली तशी पकड वाढते आणि इंजिनवरचा भारही. मूळ स्थितीतल्या 450 सीसीला 8 पाती पुरतात. इंजिन खरोखर ताकदवान केलं असेल तर 10 किंवा 12. ‘खरोखर’ यावर थोडं थांबा. नुसत्या सायलेन्सरने आवाज वाढतो. बारा उंच पाती आणि कमी ताकद असं लग्न लावलंत तर इंजिन अर्ध्या चढावर दम सोडतं, मग पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा किंवा सुरीने पाती छाटा. लोक खरंच छाटतात. यामाहाची बॅन्शी अमेरिकेत 1987 ते 2006 विकली गेली, तिच्या 347 सीसीच्या दोन सिलिंडरी टू-स्ट्रोकवर वाळूवाल्यांनी हे सगळे प्रयोग करून पाहिले आहेत. आरएक्स 100 वर वाढलेल्या माणसाला त्यांचं वेड समजावून सांगावं लागत नाही.

पॅडल फक्त मागे. स्पोर्ट एटीव्हीची ताकद चेनने मागच्या आसालाच जाते. पुढच्या टायरला मधोमध उभी कड हवी, म्हणजे हँडल वळवल्यावर गाडीही वळते. मागचं माप साधारण 20 इंच उंच, 11 इंच रुंद, रिम 9 किंवा 10 इंची. बोल्टमधलं अंतर तपासून वेगळ्या रिमवरच बसवून घ्या, नाहीतर दर खेपेला पंक्चरवाल्यासमोर बसाल. बसवताना बाण पाहा. जमिनीला टेकलेल्या पात्याची खोलगट बाजू मागे हवी. उलटं बसलं तर पातं वाळू ओंजळीत घेतच नाही, नुसतं तिच्यावरून घसरतं.

हवा 5 ते 8 पीएसआय. पंक्चरवाला सवयीने तीस भरेल, त्याला हात धरून थांबवा. पंपावरच्या मीटरवर इतका खालचा आकडा नीट कळत नाही, कमी दाबाचं वेगळं मीटर घ्या. पाचाच्या खाली जाऊ नका, जोरात वळताना टायर रिमवरून निसटतो. टेकडीवर थांबायचं झालं तर तोंड उताराकडे करून थांबा. चढाला तोंड करून थांबलात तर पुन्हा निघताना चाकं गाडीची कबर खणतात.

घरी किंमत विचारतील. ‘ट्रॅक्टरचे आहेत’ म्हणून सांगा. बाकीचे गप्प बसतील, पण मावळातले मामा आलेले असतील तर ते पात्यांवरून अंगठा फिरवतील आणि विचारतील, “भात कुठं लावायचा म्हणतोस?”