उजव्या हातास अनावृत पत्र

श्रीमंत राजमान्य राजेश्री उजवे हात यांचे सेवेशी,

विनंती विशेष. नमस्कार अर्धाच पाठवीत आहे. त्याचे कारण आणि या अक्षराच्या वाकडेपणाचे कारण एकच असून ते पत्राच्या अखेरीस कळेल.

परवा नळ स्टॉपच्या चौकात हिरवा दिवा लागताक्षणी आपण आपल्या ई-सायकलीची मूठ जी पूर्ण पिळली, तिचा परिणाम असा झाला की सायकल चार हात उसळली आणि बॅटरीच्या पोटातील रखवालदाराने विद्युत्प्रवाह तोडल्यामुळे भर रस्त्यात निश्चल उभी राहिली. मागील बसच्या भोंग्याने आपल्या पूर्वजांचा उद्धार केला, आणि मालकांनी ‘बॅटरी बसली’ असा निवाडा एकतर्फी देऊन टाकला. या मुकदम्यात खजिन्याची बाजू कोणी ऐकली नाही, म्हणून ही कैफियत.

आपली भिस्त मोटरीवरील चिठ्ठीवर आहे. तिच्यावर २५० वॅट लिहिलेले, बॅटरी ३६ व्होल्टची. भागाकार केला की सात अँपियर येतात आणि आपण निर्धास्त होता. परंतु ज्या नियमाच्या कृपेने आपल्याला परवाना व नोंदणी यांवाचून रस्त्यावर मिरविता येते, तो अर्ध्या तासाच्या चाचणीतील शक्ती मोजतो. हिरव्या दिव्यानंतरच्या पहिल्या चार सेकंदांत आपण काय मागता, याची दखल त्याच्या दफ्तरी नाही.

ती मागणी आता आपणच मांडू. मालक ७५ किलो, सायकल बॅटरीसह २५, एकूण १००. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. तेवढ्या वेगाच्या देहात साठलेली ऊर्जा २,४५० जूल. ही रक्कम चार सेकंदांत उभी करावयाची तर सरासरी ६०० वॅटहून अधिक शक्ती लागते, आणि वेग एकसारखा वाढवीत न्यावयाचा असेल तर अखेरच्या क्षणी तिच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १,२२५ वॅट. वाऱ्याचा व रस्त्याचा विरोध तूर्त माफ केला, तरी कंट्रोलर आणि मोटर मिळून शंभरातील वीस वाटेतच गिळतात असे धरल्यास खजिन्यातून १,५३० वॅट निघाले पाहिजेत. त्यास ३६ ने भागा: बेचाळीस अँपियर! चिठ्ठीवरच्या साताचे बेचाळीस झाले, आणि आपल्याला वाटते की बाजारात ज्याला ‘पिकअप’ म्हणतात तो गाडीबरोबर फुकट मिळतो.

यावर आपण म्हणाल की, चाक स्थिर असता शक्ती शून्य, मग प्रारंभी तरी मी निर्दोष आहे. येथे जमाखर्चाच्या दोन वह्या आहेत, हे ध्यानी घ्यावे. चाकाचा पीळ मोटरीतील प्रवाहाच्या प्रमाणात असतो. वरील त्वरेसाठी सुमारे ५८ न्यूटन-मीटर पीळ हवा, आणि मोटर दर अँपियरमागे १.३ न्यूटन-मीटर देत असेल, तर तिच्या तारांतून पहिल्या क्षणापासून अखेरपर्यंत ४५ अँपियर वाहत राहतात. कंट्रोलर नावाचा चतुर कारभारी बॅटरीकडून थोडा प्रवाह चढ्या दाबाने घेतो आणि मोटरीस पुष्कळ प्रवाह उतरत्या दाबाने देतो; म्हणून बॅटरीच्या वहीत खर्च वेगाबरोबर हळूहळू चढतो, मोटरीच्या वहीत मात्र तो आरंभीच पुरा पडतो. चाक फिरण्यापूर्वीचा तो सारा खर्च केवळ तांबे तापविण्यात जातो.

आता खजिन्याचे दुखणे. बॅटरीचा आंतरिक रोध अवघा ०.१५ ओहम धरला, तरी ४२ अँपियर ओढताच सहा व्होल्ट आतल्या आत गळतात, ३६ चे ३० होतात, आणि अर्धवट रिकामी बॅटरी त्याच पायरीवर प्राण सोडते. उष्णता तर प्रवाहाच्या वर्गाने वाढते: ४२ अँपियरला बॅटरीच्या पोटात सुमारे २६५ वॅट, म्हणजे आपल्या मोटरीवर लिहिलेल्या शक्तीपेक्षा अधिक! हेच काम चार सेकंदांऐवजी आठ सेकंदांत करा. प्रवाह २१ अँपियरवर येतो आणि उष्णता ६६ वॅटवर. निम्मी घाई, चौथाई दाह. याउपर आपण मालकांकडे मोठ्या मोटरीचा तगादा लावला आहे, असे ऐकतो. उधळ्या माणसाला मोठी थैली दिल्याने कर्ज फिटल्याचे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणि ही चार सेकंदे कमावून आपण नेता कोठे? पुढच्या तांबड्या दिव्यापर्यंत. तेथे आपण ऐटीत सैल होता, आणि बेचाळीस अँपियरांनी जमविलेले ते २,४५० जूल ब्रेक आवळून चाकावर जाळण्याची चाकरी मजकडे येते. गेली दोन वर्षे मी ती निमूट करीत आहे. तरी मूठ पिळावी, पण सावकाश, मनात आठ अंक मोजून, एवढीच अर्जी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला सख्खा शेजारी,
डावा हात

ता. क. — ‘या हाताचे त्या हाताला कळू नये’ हे वचन दानापुरते आहे. खर्चाला ते लागू नाही.