अटी मागील बाजूस

परळचा माणूस भांडणाला घाबरत नाही. नळाचं पाणी दहा मिनिटं आधी गेलं तर तो वॉर्ड ऑफिसची पायरी चढतो, आणि कोथिंबिरीची जुडी बारीक निघाली तर भाजीवालीशी त्याचं जे चालतं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. पण ह्याच माणसाच्या हातात कुणी छापील पावती ठेवली, की त्याचा आवाज बसतो. 'लिहिलंयच ना तसं', असं म्हणत तो मुकाट घरी येतो. वाण्याने हाताने मांडलेल्या हिशेबातला रुपया तो बरोबर पकडतो. छापलेलं मात्र त्याला थेट देवाघरून आल्यासारखं वाटतं.

लाँड्रीची पावती घ्या. साठच्या दशकात अशी एक पावती थेट मद्रास हायकोर्टात गेली. कपडा हरवला तर त्याच्या किमतीच्या निम्मीच भरपाई मिळेल, असं तिच्यावर छापलं होतं आणि हरवली होती गिऱ्हाइकाची साडी. कोर्टाने अट धुडकावली. ती मान्य केली असती, तर मनात भरलेली कुठलीही साडी निम्म्या भावात ठेवून घ्यायची सोयच लाँड्रीवाल्याला झाली असती. लालबागच्या सेलमध्येसुद्धा दुकानदार इतका उदार होत नाही.

पार्किंगच्या पावतीवरची 'गाडी मालकाच्या जोखमीवर' ही ओळही अशीच. 1998 साली दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एकाने गाडीची चावी हॉटेलच्या माणसाकडे सोपवली आणि गाडी चोरीला गेली. हॉटेलने पावती पुढे केली. चावी ताब्यात घेतल्यावर हॉटेलला आपल्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी झटकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने सांगितलं 2019 मध्ये. न्याय मिळाला खरा, पण तेवढ्या वर्षांत परळच्या गिरण्यांचे टॉवर झाले.

टॉवर म्हटलं की करारनामा आलाच. त्याची जाडी पाहूनच माणूस सही कुठे करायची एवढंच विचारतो. 2019 मध्येच पायोनियर अर्बन ह्या बिल्डर कंपनीचा असा एक करार सुप्रीम कोर्टापुढे आला. ग्राहकाचा हप्ता चुकला तर व्याज 18 टक्के. बिल्डरने वेळेत घर दिलं नाही आणि ग्राहकाने पैसे परत मागितले, तर व्याज 9 टक्के! वर ग्राहकाने आधी वाट पाहायची, मग नोटीस द्यायची, मग पुन्हा वाट पाहायची. बिल्डरने लिहून ठेवलेल्या कागदावर ठिपक्यांच्या जागी सही करण्यावाचून ग्राहकापुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणून असल्या एकतर्फी अटी त्याच्यावर बंधनकारक नाहीत, असा निकाल लागला. महाराष्ट्रात रेरा ह्या घरखरेदीच्या कायद्याच्या नियमांनी तर दोन्ही बाजूंना व्याजाचा दर एकच ठेवला आहे: स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जासाठीचा आधारदर, अधिक 2 टक्के.

मग 20 जुलै 2020 पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि अन्याय्य कराराला प्रथमच कायद्यात व्याख्या मिळाली. भरमसाट अनामत, नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड, मुदतीआधी कर्ज फेडू न देणं, वाजवी कारण नसताना एकतर्फी करार मोडायची मुभा, अशी तिच्यात यादी आहे. अशी अट रद्दबातल ठरवता येते.

कुठे, ते मात्र नीट वाचावं लागतं. मध्य मुंबईचा जिल्हा ग्राहक आयोग परळलाच, महात्मा गांधी रुग्णालयाजवळच्या पुरवठा भवनात. नावावरून वाटावं, इथे साखर-रॉकेल मिळत असेल. परळकराला हे ऑफिस चालत जाण्याएवढं जवळ. पण अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोग घेतच नाही! मोबदला 10 कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग, म्हणजे सीएसएमटी गाठा. त्यापुढे राष्ट्रीय आयोग, म्हणजे दिल्ली. जिमच्या हजारभर रुपयांच्या अनामतीसाठी राज्य पातळीवर जायचं, ही कल्पना ज्याला सुचली त्याने पाच वाजता लोकलने प्रवास केलेला नसावा.

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ह्या पाटीचं तसं नाही. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत छापलेली नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. (रंग बायकोला आवडला नाही, हा दोष कायद्यात बसत नाही.) ही तक्रार परळलाच चालते. रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील नसला तरी चालतं, म्हणजे इतकी वर्षं भाजीवालीशी केलेला सराव इथे कामी येतो.

तेव्हा चौथ्या दिवशी जळलेला मिक्सर काखेत मारून परळकर दुकानात जातो. दुकानदार नुसता पाटीकडे बोट दाखवतो.

"ठीक आहे. मग मी पुरवठा भवनात जातो."

"का? रेशनकार्डात नाव घालायचंय का कुणाचं?"