खोलून बघणारा

शेजाऱ्याचे यंत्र बंद पडल्याचे कानी येताच ज्याचे हात शिवशिवू लागतात आणि स्वतःच्या घरातील पंखा मात्र ज्याच्याकडून दोन वर्षांत दुरुस्त झालेला नसतो, अशा गृहस्थास ‘खोलून बघणारा’ म्हणावे. पूर्वी हा वर्ग रेडिओ आणि मिक्सर यांवर पोसला जाई. हल्ली त्याने गेम खेळताना बंद पडणाऱ्या घरगुती संगणकाकडे मोर्चा वळवला असून, सोसायटीतील मुले त्याला ‘दादा’ आणि मुलांचे वडील, अडल्या वेळी, ‘साहेब’ म्हणतात. वय काहीही असू शकते. खिशातील स्क्रूड्रायव्हर हे मात्र वर्गलक्षण होय.

या वर्गाच्या भरभराटीचे मूळ विकाराच्या स्वरूपातच आहे. पत्र टंकताना संगणक जवळजवळ झोपेत असतो. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरील दृश्ये घडवणारा स्वतंत्र भाग, आणि प्रोसेसर, म्हणजे मुख्य आकडेमोड करणारा घटक, हे दोघेही एकदम राबू लागतात, विजेची मागणी कित्येक पटींनी वाढते, तिच्या पाठोपाठ उष्णता येते, आणि साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट, अशक्त वीजपुरवठा, सदोष रॅम, बिघडलेला ड्रायव्हर (म्हणजे ग्राफिक्स कार्डासारखा भाग चालवणारा प्रोग्रॅम) यांपैकी जो कोणी आजवर गप्प होता, तो नेमका शेवटचा शत्रू उरलेला असताना तोंड उघडतो. लक्षण एकच, पडदा काळा, कारणे पाच. एवढी सुपीक जमीन ज्योतिषालाही मिळत नाही.

खोलून बघणारा येतो तो प्रथम भाषाशुद्धी करतो. घरची मंडळी सबंध पेटीलाच ‘सीपीयू’ म्हणतात; सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, पेटी ती कॅबिनेट, हे तो चहा येईपर्यंत समजावून सांगतो आणि चहा संपल्यावर स्वतःच ‘सीपीयू जरा पुढे ओढा’ म्हणतो. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या स्वतःच्या घडामोडींच्या रोजनिशीत, तो ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद शोधून काढतो आणि नाडी सापडलेल्या वैद्याप्रमाणे मान हलवतो. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढाच या नोंदीचा अर्थ. म्हणजे घरातल्या आजींनीही जे पाहिले होते तेच. परंतु ती इंग्रजीत व लाल खुणेसह असल्याने तिला सरकारी नोटिशीचे वजन येते.

निदानाच्या बाबतीत या वर्गात पंथ आहेत. ‘फॉरमॅट मारू’ म्हणणारा पंथ, म्हणजे सारे काही पुसून विंडोज नव्याने घालणारा, हा सर्वांत आळशी. रॅमपंथी रॅमच्या, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या, सोनेरी कडा शाळकरी खोडरबराने घासून ती पुन्हा खाचेत बसवतात. हा उपाय अधूनमधून खरोखर लागू पडतो, ही शास्त्राची शोकांतिका होय. सर्वांत अभ्यसनीय तो एसएमपीएसपंथी. एसएमपीएस म्हणजे घरातील 230 व्होल्टची वीज संगणकाला पचेल अशा 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या विजेत बदलणारी पेटी. ती कॅबिनेटबरोबर फुकट आलेली असेल, तर तिच्यावर छापलेला 500 वॉटचा आकडा स्थळाच्या बायोडेटातील पगाराइतकाच विश्वासार्ह असतो. हा पंथीय वॉट मोजत नाही. तो एसएमपीएस हातात घेऊन कलिंगडासारखा तोलतो, हलका लागताच ‘लोकल’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि मुंबईचा असल्यास लॅमिंग्टन रोडवरील, पुण्याचा असल्यास तपकीर गल्लीतील एका दुकानदाराकडे ‘माझे नाव सांगा’ म्हणून धाडतो, ज्या दुकानदारास ते नाव कधीच आठवत नाही. अर्थात वजनाची ही कसोटी अगदीच खुळी नाही. चांगल्या एसएमपीएसमधील ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पट्ट्या जड असतात.

2024 साली मात्र सगळ्याच पंथांची पंचाईत झाली. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांवर गेम कोसळताना ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी पडल्याचा संदेश येई, संशय कार्डावर जाई, आणि दोष निघाला तो प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजचा. कंपनीने त्या ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांचा नवा संच, दिला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. रोगीच खोटे सांगतो म्हटल्यावर वैद्याने खचावे. खोलून बघणाऱ्याला उलट हुरूप आला, आणि तेव्हापासून त्याला दहा वर्षे जुन्या संगणकातही तेच दुखणे दिसू लागले.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तोच गेम तेवढाच वेळ चालवून पाहावा, रॅमचा संशय असल्यास मेमटेस्ट86 हा तपासनीस प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा, अशी खरी रीत आहे. पण तिच्यात प्रेक्षक टिकत नाहीत. म्हणून तो एकाच बैठकीत धूळ उडवतो, प्रोसेसर आणि त्याच्यावरील थंडावा देणारा धातू यांमधील फट बुजवणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी नव्याने लावतो, रॅम घासतो, ड्रायव्हर बदलतो, आणि कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढून आजोबांच्या खोलीतला टेबलफॅन त्या उघड्या बाजूसमोर आणून ठेवतो. संगणक तीन तास अखंड चालतो. श्रेय खोडरबराला जाते. झाकण पलंगाखाली, उरलेले दोन स्क्रू वाटीत, आणि ऐन मे महिन्यात आजोबा वर्तमानपत्राने वारा घेत दर अर्ध्या तासाने नातवाला विचारीत असतात की, गेम संपला का.