उत्तरं भरलेली तबकडी

सरफोजीराजांनी १८०५ साली तंजावरात देवनागरी छापखाना काढला, तेव्हा खिळ्यांपासून जमवाजमव करावी लागली. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम काढायला आता इतका खटाटोप नको. डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची आयएसओ, म्हणजे एका फाइलमधली अख्खी तबकडी, उतरवून घ्या, उघडा, नको ती पॅकेजं काढा, तमिळ फॉन्ट घाला, झोरिसो (xorriso) या साधनाने पुन्हा बांधा. उरलं पार्श्वचित्र. खरी बैठक त्यावरच भरते.

सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये आणलेली ‘बॉस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवरच उभी आहे. यात लाज कसली? मुक्त सॉफ्टवेअर घेण्यासाठीच असतं. गंमत पुढे आहे. २०११ पासून तमिळनाडू सरकारने विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटले. आत विंडोजच्या शेजारी बॉस, बाहेर मुख्यमंत्री जयललितांचा फोटो. चालू करताना पडद्यावर दोघींतून एक निवडायची असे. बाण हलवून पोरं कुठली निवडत असतील, हे सांगायला ज्योतिषी नको. फोटोला मात्र पर्याय नव्हता.

अशा तबकडीतली सर्वांत सरकारी चीज म्हणजे प्रीसीड फाइल. भाषा कोणती, घड्याळ कुठलं, डिस्कचे वाटे किती, पासवर्ड काय, सगळी उत्तरं बांधणाऱ्याने आधीच भरून ठेवायची. मग इन्स्टॉलर समोरच्याला काही विचारतच नाही. डिस्क पुसतानाही नाही! विचारलंच, तर शेवटी एकदा एंटर दाबायला सांगतो. तेवढा लोकसहभाग पुरे.