सैल सोडा!

डॉक्टरांनी कुठलीही तपासणी सांगितली की मी उपाशी राहते. चष्म्याचा नंबर काढायलासुद्धा मी अनशापोटी गेलेली बाई. त्यामुळे पॅप स्मिअरच्या, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीच्या दिवशीही सकाळचा चहा टाळून, थर्मास, गाऊन, दोन नॅपकिन आणि नणंद असा संसार बरोबर घेऊन दवाखान्यात हजर झाले. रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "ॲडमिट व्हायचंय का?"

याला उपास लागत नाही, हे तेव्हा कळलं. पाळीचे दिवस नकोत, आधी दोन दिवस आतून लावायचं औषध नको आणि नवराही लांब, एवढंच पथ्य. ते मी चोख पाळलं होतं. फक्त कारण न सांगता नवऱ्याला हॉलमध्ये झोपायला पाठवलं, त्यामुळे तो बिचारा आपलं काय चुकलं याचा विचार करत न सांगता भांडी घासत होता. मीही खुलासा केला नाही.

आत गेल्यावर घाईत सलवारीच्या नाडीला निरगाठ बसली. मी ओढली, नर्सताईंनी ओढली, शेवटी कात्री आली. शस्त्रक्रिया नाडीची झाली.

"सैल सोडा," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी खांदे सोडले तर गुडघे जुळले, गुडघे सोडले तर दात आवळले. मन रमवायला म्हणून मी त्यांना छुंद्याची कृती सांगायला घेतली, तेवढ्यात स्पेक्युलमचा गार स्पर्श झाला, जरा दाब आला, छोट्या ब्रशनं गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी घेतल्या तेव्हा पाळीतल्यासारखी एक बारीक कळ आली, आणि मी कैरी किसून होते न होते तोच त्या म्हणाल्या, "झालं."

"पण साखर राहिली!" मी म्हणाले.

ज्यांच्या नावानं ही टेस्ट आहे त्या जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या पत्नीनं त्यांच्या संशोधनासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने दिले. धन्य ती माउली. मला एकातच घाम फुटला.

एखाद-दोन दिवस थोडा डाग दिसेल, जास्त रक्त गेलं किंवा ताप आला तरच फोन करा, असं बजावूनही पहिला ठिपका दिसताच मी पलंगावर आडवी झाले आणि विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत ते नवऱ्याला सांगून ठेवलं.

मग रिपोर्ट आला. 'निगेटिव्ह फॉर इंट्राएपिथेलियल लिजन ऑर मॅलिग्नन्सी.' मी वाचायला शेवटून सुरुवात केली आणि मटकन खाली बसले. नणंदेनं चष्मा लावून पहिला शब्द वाचला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पेशींत बदल सापडला असता तरी तो लगेच कॅन्सर नसतो. बरेचदा आपोआप निवळतो, नाहीतर कॉल्पोस्कोपी करून भिंगातून नीट बघतात. सापडतं वेळेत, म्हणून तर टेस्ट.

माझी पुढची पाळी तीन वर्षांनी, म्हणजे टेस्टची. तुमची राहिली असेल तर नंबर लावून टाका, पोटभर खाऊन जा, आणि इलॅस्टिकचं काहीतरी घाला.