वाळवंटावर सोलापूरची स्वारी

सोलापूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक सांगू नये. एप्रिलच्या मध्यावर आमच्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि आम्ही तो आकडा सकाळी पेपरात अभिमानानं वाचतो. त्या दिवशी अकोला किंवा चंद्रपूर पुढे गेलं, तर दिवसभर खट्टू असतो. त्यामुळे माझा पुण्याचा मेव्हणा जेव्हा म्हणाला, ‘‘दाजी, डिसेंबरअखेर जैसलमेर करू. साहसी पर्यटन. पण तुम्हाला झेपेल ना वाळवंट?’’ तेव्हा त्यातलं ते ‘झेपेल ना’ मला फारच लागलं.

वाळवंट म्हणजे शेवटी काय? ऊन अधिक वाळू. पैकी ऊन माझ्या घरचं. आणि वाळूचं म्हणाल तर मी रोज वाळूच्या ट्रकमागून स्कूटर चालवत ऑफिसला जातो. म्हणजे वाळवंट मला झेपायचा प्रश्नच नव्हता. मी वाळवंटाला झेपतो का, हे वाळवंटानं बघायचं होतं.

मेव्हणा पुण्याचा असल्यामुळे सहलीआधी एक्सेल शीट आली. हिरव्या रंगात स्थळदर्शन, नारिंगीत साहस आणि राखाडीत ‘मोकळा वेळ (ऐच्छिक)’. प्रत्येक साहसापुढे ‘दाजी : होय/नाही’ असा एक खास रकाना होता. घरातल्या बाकी कुणासाठी असा रकाना नव्हता. मी एका बैठकीत सगळीकडे ‘होय’ लिहून टाकलं. पॅरासेलिंग हा पाण्यावरचा प्रकार असतो आणि वाळवंटात एवढं पाणी येणार कुठून, या हिशेबानं तिथं मी ‘होय’ला गडदसुद्धा केलं.

उष्माघात प्रतिबंधक खातं मात्र मी स्वतःकडे ठेवलं. थोडा अभ्यासही केला. जैसलमेरच्या वाटेवरच्या फलोदीनं १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांचा देशातला विक्रम केला, असं वाचलं. शत्रू तोलामोलाचा आहे याची खात्री पटली आणि मी पान मिटलं. पुढच्या परिच्छेदात हिवाळ्याविषयी काहीतरी होतं, पण मेमधल्या ५१ची तयारी असलेल्या माणसाला डिसेंबरचं काय? मग यादी केली : गुलकंद, सब्जा, कोकम सरबत, जलसंजीवनीची पाकिटं, रुंद काठाच्या टोप्या, सुती बंड्या, ओले करून डोक्यावर घ्यायला टेरी टॉवेल आणि प्रत्येकाच्या खिशात एक याप्रमाणे कांदे. खिशात कांदा असला की लू लागत नाही, हे आमच्या आजोबांचं शास्त्र. प्रवास लांबचा, म्हणून कांदे पिशवीभर घेतले.

‘‘अहो, स्वेटर?’’ बायकोनं विचारलं.

‘‘वाळवंटात स्वेटर? लोक हसतील.’’

तिनं न बोलता बॅगेत दोन चादरी ठेवल्या. आता, सोलापूरच्या घरात चादर ही पांघरायची वस्तू नसतेच. ती लग्नामुंजीत, वास्तुशांतीला, निवृत्तीच्या समारंभात द्यायची वस्तू. ती स्वतःसाठी राजस्थानात न्यायची म्हणजे जागेचा निव्वळ अपव्यय. शिवाय कांदे बसत नव्हते. मी चादरी काढून ठेवल्या. गल्लीतला मित्र निरोप द्यायला आला होता. तो पिशवीकडे बघून म्हणाला, ‘‘फिरायला चाललास का मार्केट यार्डात बे?’’ मी लक्ष दिलं नाही.

पहिला मुक्काम जोधपूर. राव जोधानं १४५९ मध्ये पाया घातलेला मेहरानगड पाहून मन भरून येतं. पण शीटमध्ये गडाच्या समोरच नारिंगी चौकोन होता : तटांवरून आणि तळ्यांवरून तारेला लटकत जायचं. कन्या गेली, मेव्हणा गेला, मेव्हण्याची बायकोसुद्धा हात हलवत गेली. मी सगळ्यांच्या पर्सेस, मोबाइल आणि चपला सांभाळत किल्ल्याच्या बांधकामाचं निरीक्षण केलं. साहसी पर्यटनात सामानाला एक जबाबदार माणूस लागतोच, हे कुठल्याच शीटमध्ये लिहिलेलं नसतं.

जोधपूर ते जैसलमेर या रस्त्यावर मी खिडकीला नाक लावून वाळूची वाट पाहत होतो. दिसत होते ते माळ, दगड, खुरटी झुडपं, मधूनच खेजडीचं झाड आणि शेळ्या. थरचं वाळवंट म्हणजे नुसत्या टेकड्या नव्हेत. त्याचा बराच भाग असा माळरानाचाच आहे आणि जगातल्या दाट वस्तीच्या वाळवंटांत त्याची गणना होते. बायको बराच वेळ बाहेर पाहत होती. शेवटी म्हणाली, ‘‘हे तर सांगोल्यालाही आहे. आणि बसनं जाता येतं.’’

जैसलमेरच्या किल्ल्यानं मात्र तिचं तोंड बंद केलं. रावल जैसलनं ११५६ मध्ये वसवलेला हा पिवळ्या दगडाचा किल्ला अजून जिता आहे. आत लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात, शाळेची पोरं गाईला वळसा घालून पळतात. सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ १९७४ मध्ये आला, तेव्हापासून बंगाली माणूस या किल्ल्याकडे तीर्थयात्रेच्या भावनेनं येतो. आमच्या पुढेही एक बंगाली जथा होता. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, झाडून सगळ्यांच्या डोक्यावर माकडटोप्या. मी सुती बंडीत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन उभा होतो. मी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. त्यांनीही माझ्याकडे पाहिलं. कोणाची करुणा जास्त होती, ते संध्याकाळपर्यंत ठरायचं होतं.

मग डेझर्ट नॅशनल पार्क. तिथं माळढोक पाहायचा होता. राजस्थानचा हा राज्यपक्षी, तिकडे त्याला गोडावण म्हणतात. जगात आता दीडशेच्या आसपासच उरलेत. वाटाड्यानं विचारलं, ‘‘कहाँ से आए, साब?’’ मी सोलापूर म्हणताच तो खुलला. ‘‘अरे! आपके यहाँ भी तो है. नान्नज!’’

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं. माझ्या घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर. त्याची पाटी मी जन्मभर पाहत आलोय, पण पाटीपलीकडे कधी गेलो नाही. ‘‘हां हां, जाते रहते हैं,’’ मी म्हणालो.

‘‘अभी कितने बचे हैं वहाँ?’’

‘‘गिनता कौन है!’’ मी म्हणालो. त्या भल्या माणसानं दुर्बीण माझ्याकडून काढून कन्येच्या हातात दिली. लांबवर एक ठिपका दिसला. तो माळढोक की दगड, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. दगडाच्या बाजूनं मी एकटाच आहे.

सूर्यास्ताला ‘सम’ गाठायचं होतं. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. इथं अखेर वाळू आली आणि वाळूबरोबर उंट आला. उंटाबद्दल एक गोष्ट बसण्यापूर्वी कळलेली बरी : तो उठताना आधी मागचे पाय सरळ करतो. म्हणजे वर बसलेला माणूस बेसावध असताना मागून उचलला जातो आणि पुढे फेकला जातो. ‘‘पीछे झुको, साब!’’ असं उंटवाला ओरडला तेव्हा मी उंटाच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारून झालेली होती. उंटानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख नव्हती. पुढे तो चालतानाही एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे स्वार सतत डावी-उजवीकडे हिंदकळतो. सांगोला-जत एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. उतरताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो. म्हणजे पुन्हा पुढेच. त्याच्या मानेशी माझी ही दुसरी भेट.

टेकडीवर निवांतपणा शोधत चढलो, तर अर्धा महाराष्ट्र तिथं सेल्फी काढत होता. ‘‘तुम्ही कुठले?’’ ‘‘बार्शी.’’ ‘‘अरे, मग आपण शेजारीच!’’ पॅरासेलिंग जीपला दोर बांधून हवेत उडवतात, हे तिथं डोळ्यांनी पाहिलं. वारा जास्त असल्यामुळे ते बंद झाल्याचं समजताच मी सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात हळहळलो. मेव्हण्यानं मोबाइलवर शीट उघडून माझा तो गडद ‘होय’ सगळ्यांना दाखवला.

आणि मग सूर्य मावळला.

वाळवंटात सूर्य मावळतो म्हणजे कोणीतरी वीज तोडतं. टेकडी उतरेपर्यंत कानाच्या पाळ्या गार. तंबूपर्यंत पोचेतो नाक बधिर. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री पारा सहा-सात अंशांवर येतो, कधी त्याहूनही खाली. ही माहिती त्या मिटलेल्या पानावर होती, असं नंतर कन्येनं दाखवून दिलं.

‘‘बाबा, वाळू कोरडी असते. पटकन तापते, पटकन निवते. वर ढग नाहीत, हवेत बाष्प नाही. मग दिवसभराची उष्णता सरळ आकाशात निघून जाते.’’

‘‘आपल्याकडे बरी नाही जात. गच्ची रात्री बारालाही चटके देते,’’ मी दात वाजवत म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी सोलापूरच्या गच्चीविषयी हळवा झालो.

तंबूंच्या मधोमध शेकोटी आणि कालबेलिया नृत्य. युनेस्कोच्या यादीत २०१०मध्ये गेलेली ही कला. चक्राकार घागरा डोळ्यांना सापडत नाही असा फिरतो, असं बाकीचे सांगतात. मी खुर्ची शेकोटीकडे आणि पाठ नृत्याकडे करून बसलो होतो. शेवटी नर्तकींनी पाहुण्यांना ओढायला सुरुवात केली. सगळे लाजून मागे सरले. हलत राहिलं की ऊब येते, हे मला पहिल्या गिरकीलाच कळलं. मग मी थांबलोच नाही. ढोलकवाला थांबला, तरी मी नाचत होतो. कडेला माकडटोप्यांची एक रांग टाळ्या वाजवत होती. त्यातली एखादी विकत मिळेल का, हे मी नाचता नाचताच खुणेनं विचारून पाहिलं. त्यांना ती नृत्यातली मुद्रा वाटली. चित्रफीत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आहे.

तंबूत परतल्यावर सगळ्या बंड्या एकावर एक घातल्या. त्यावर टॉवेल गुंडाळले. खिशात कांदा होताच. तंबूची रजई पातळ होती आणि बायकोनं तिच्यावर आपला हक्क शांतपणे प्रस्थापित केला होता. अखेर मध्यरात्री मी टॉवेलांच्या पूर्ण गणवेशात कार्यालयाच्या तंबूत गेलो. तिथल्या पोऱ्यानं मला पाहिलं, एक क्षण थबकला आणि पेटीतून एक घडी काढून माझ्या हातात दिली. ‘‘ये ओढ़ लो, साब. बहुत गरम है. सोलापूर की है.’’

त्या क्षणी कुठल्याही सुज्ञ माणसानं काय केलं असतं? चादर पांघरून झोपला असता. मी विजेरी मागितली. काठ पाहिला, वीण चाचपली, वजन हातावर तोललं. सोलापुरी चादर म्हणजे जाड सूत, जॅकार्डची वीण, भौगोलिक मानांकन मिळालेली वस्तू. ही तर कृत्रिम धाग्याची निघाली. मी पोऱ्याला समोर बसवून अस्सल आणि नकली यांतला फरक समजावू लागलो. हात थरथरत होते, पण मुद्दे सुसूत्र होते. तो जांभई देऊन म्हणाला, ‘‘तो आप असली ले आते, साब.’’

तिथं मी विषय आवरता घेतला. नकली चादर अस्सल गरम होती.

सकाळी कांद्यांची पिशवी बायकोनं तंबूच्या आचाऱ्याला देऊन टाकली. त्यानं त्यातून आमच्यासाठी कचोऱ्या तळल्या. माझ्या पूर्वतयारीतलं उपयोगी पडलेलं हे एकमेव खातं. मग कुलधरा. पालीवाल ब्राह्मणांचं एकोणिसाव्या शतकात ओस पडलेलं गाव. सगळे पर्यटक भुतं शोधत होते. मला तिथल्या खडीननं धरून ठेवलं. उताराच्या पायथ्याला बांध घालायचा, वाहून आलेलं पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं आणि त्या ओलीवर रब्बी घ्यायची. वर्षाला दोनशे मिलिमीटर पावसाची बोंब, तिथं ही माणसं गहू पिकवत होती. बायको हे ऐकून माझ्याकडे अशा नजरेनं पाहू लागली, जणू सोलापुरात चार-पाच दिवसांआड नळ सोडणारा तो मीच. मला मात्र वेगळंच सुचत होतं. पालीवालांनी आपल्या शत्रूचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. बाकी आपण सगळे ओळखीच्या शत्रूविरुद्धच तयारी करतो, कारण ती करताना बरं वाटतं.

हा विचार मी परतीच्या गाडीत सर्वांना ऐकवला. मेव्हणा म्हणाला, ‘‘छान आहे, दाजी. मग जूनमध्ये लडाख करू. तेही वाळवंटच, पण थंड.’’

थंडीशी माझी आता दोस्तीच झाली आहे. या वेळी कोणावर अवलंबून राहायचं नाही म्हणून खरेदी मीच केली : उबदार अंतर्वस्त्रं, हातमोजे, घरटी दोन माकडटोप्या आणि थेट कारखान्यातून आणलेल्या अस्सल सुती चादरी. कन्या काहीतरी सांगत होती की, लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, हवा विरळ असल्यानं ऊन कातडी सोलून काढतं, तिथं उन्हात डोकं आणि सावलीत पाय ठेवून बसलं तर एकाच वेळी वरून भाजतं आणि खालून गोठतं, असं लोक म्हणतात. मी तिला मध्येच थांबवलं. थंडीचं प्रकरण नीट वाचून झालं होतं आणि मी पान मिटलेलं होतं.

बायकोनं बॅगेत सनस्क्रीनची मोठी बाटली ठेवली होती. पाचवी चादर बसेना, म्हणून ती मी काढून ठेवली.